बबडीचा उसना आवाज

मित्रांनो, कोपऱ्याला तडा गेलेला आणि पाठीला चिकटपट्टी लावलेला एक जुना मोबाइल तुमच्याशी बोलतो आहे. खरं तर मला तोंड दाखवायलाही जागा उरलेली नाही. पण माझं ऐकून तुमच्यातला एक जरी सावध झाला, तरी माझ्या मनावरचं ओझं थोडं हलकं होईल.

एका मोठ्या कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी मला जोडलं, पुसलं आणि खोक्यात निजवलं. बबडीने मला पहिल्या पगारातून विकत घेतलं. पुढे तिची नोकरी दुसऱ्या शहरात गेली. तिने नवा फोन घेतला आणि मला आईच्या हवाली केलं.

आई शिवणकाम करायची. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिचं मशीन होतं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या फ्रॉकची चेन बदलायची. तोंडात टाचण्या, हात सुईखाली आणि नजर शिवणीवर. मी वाजलो तरी बघणार कोण? म्हणून बबडीने स्वतःचा आवाज माझ्यात भरून ठेवला. तिचा फोन किंवा निरोप आला, की मी तिच्याच आवाजात हाक मारायचो, "आई, मी आहे गं! बघ ना!" मशीन थांबायचं. "आली माझी बडबडी," म्हणत आई मला उचलायची. काय मान होता हो माझा त्या घरात!

निघताना बबडीने आईला बजावलं होतं, "नाव दिसलं तरच उचलायचं. नुसते आकडे दिसले की कापायचा. हल्ली चोर फोनवरूनच घरात शिरतात."

"कळलं गं बाई! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आई म्हणाली होती.

आईच्या मनात एकच गोष्ट होती. कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने घ्यायचा, काचेच्या खिडकीत मशीन मांडायचं आणि वर स्वतःची पाटी लावायची. गाळ्याच्या अनामतीसाठी तिने कैक वर्षं पैसे साठवले होते. ते भरायची वेळ आता जवळ आली होती.

एका सकाळी एका अनोळखी नंबरावरून निरोप आला. "आई, माझा फोन पाण्यात पडला. हा नवा नंबर घे. जुना काढून टाक."

"वेंधळी ती वेंधळीच!" आई हसली. एका बोटाने तिने जुना नंबर पुसला आणि त्या जागी नवा भरला. नाव तेच ठेवलं, बबडी. मित्रांनो, मला दोन्ही नंबर दिसत होते. हा बबडीचा नाही, हेही दिसत होतं. पण मला पढवलेलंच बोलता येतं.

दुपारी त्या भामट्याचा निरोप आला आणि मी गोड आवाजात ओरडलो, "आई, मी आहे गं! बघ ना!" शरम वाटते हो सांगताना. लेकीचा आवाज मी चोराला उसना दिला.

"घरमालक सामान बाहेर फेकतोय. लगेच पैसे पाठव. फोन करू नकोस, आवाज जात नाही," असं त्यात लिहिलं होतं. तेवढ्यात खऱ्या बबडीचा फोन आला. तिचं नाव तर पुसलेलं होतं. मी नुसते आकडे दाखवले आणि साधी घंटी वाजवली. आईने तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. वर तिने भामट्यालाच कळवलं, "कुणीतरी सारखा फोन करतंय. मी उचलत नाही हं!"

"शाब्बास. उचलूच नकोस," असं उत्तर आलं.

आईने गाळ्याचे सगळे पैसे पाठवले. मी हिरवी खूण दाखवली आणि टुणकन वाजलो, जणू काही मोठा पराक्रमच केला होता.

संध्याकाळी तिने विचारलं, "सुटलीस ना गं? जेवलीस का?"

"जेवणाचं सोड. घरात सोनं आहे का?"

आईने ते पुन्हा पुन्हा वाचलं. घरात सोनं म्हणून एकच साखळी होती. ती तिने बबडी निघाली तेव्हा तिच्याच गळ्यात घातली होती.

हे विचारणारी बबडी नव्हे, हे आईला कळून चुकलं. "लोक काय म्हणतील? पोरीला काय सांगू?" असं पुटपुटत तिने मला बंद केलं आणि बटणांच्या डब्यात खुपसलं. कुणाला म्हणून काही सांगितलं नाही. अंधारात बटणं टोचत होती, पण ते माझ्या लायकीचंच होतं.

फोन लागेना, म्हणून बबडी धावतपळत घरी आली. "आई! अगं, जीव टांगणीला लागला होता माझा!" आई तिच्या गळ्यात पडून रडली. बबडी मात्र रागावली नाही. ती आईला हाताला धरून आधी बँकेत आणि मग पोलिसांकडे घेऊन गेली. बँकेतल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, लगेच सांगितलं असतंत, तर कदाचित पैसे अडवता आले असते. आता कठीण आहे. लाजायचं त्या चोराने, तुम्ही का गप्प बसलात?"

गाळ्यात आता घड्याळं दुरुस्त होतात. आईचं मशीन अजून स्वयंपाकघरातच आहे.

मित्रांनो, नवा नंबर कुणाच्याही नावाने येवो, आधी जुन्या नंबरावर फोन करा. घाई करणाऱ्याला थांबवा. आणि फसलात, तर डब्यात लपू नका, त्याच क्षणी सांगा.

बबडीचा खरा नंबर आईने आता खडूने भिंतीवर लिहिला आहे. मी आजही तिच्या आवाजात हाक मारतो. आई मशीन थांबवते, पण हसत नाही. मला कानाला लावून आधी एक प्रश्न विचारते, जो त्या दोघींनाच माहीत आहे. पलीकडून उत्तर आलं, की मगच म्हणते, "बोल गं माझी बडबडी."

ते उत्तर काय असतं, हे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. निदान एवढं तरी मला राखू द्या.