पाच लाल टोप्या

माझा दादा शहर बघायला येत नाही, तपासायला येतो. यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात तो स्टोअरकीपर आहे. जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी फळीवर असते आणि संध्याकाळी ती जागच्या जागी सापडली की माणसाने सुखाने झोपावं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. बायको-मुलांनाही तो त्याच हिशेबात धरतो. वहिनीने सुरुवातीला कुरकुर केली असेल, पण मी बघतेय तेव्हापासून तिने हात टेकलेले आहेत.

तर हा दादा गेल्या महिन्यात सहकुटुंब माझ्याकडे आला, एका दिवसात अख्खं शहर उरकायला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने पिशवीतून पाच लाल टोप्या काढल्या. कुठल्याशा रंगाच्या कंपनीने गोदामाला फुकट वाटलेल्या. पुढे रंगाचा डबा छापलेला आणि डब्याला हसरं तोंड. एक त्याने स्वतः घातली, एक वहिनीच्या डोक्यावर ठेवली, दोन मुलांच्या, आणि पाचवी माझ्यासमोर धरली.

"दादा, मी या शहरात ट्राम चालवते," मी म्हटलं. "रस्त्यावरचे निम्मे लोक मला ओळखतात."

"मग काय बिघडलं? घाल. चुकामूक झाली तर लांबून दिसशील."

मी घातली. भांडण सकाळीच सुरू केलं असतं तर मुलांचा दिवस नासला असता. मग दादाने नियम सांगितला. टोपी कुणी, कशासाठीही काढायची नाही. प्रत्येक ठिकाणाहून निघताना तो मोजणार आणि पाच भरल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. लगेच त्याने बोट वर करून मोजून दाखवलं, शेवटी आपल्याच टोपीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "पाच. माल पूर्ण." येणारे-जाणारे बघत होते. त्याला वाटलं, कौतुकाने बघतायत.

मुलं दोन. थोरल्याला आम्ही हवालदार म्हणतो, कारण कुणी नाकात बोट घातलं तरी त्याची खबर तो बापाला देतो. धाकटी बिट्टी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. या बिट्टीला राजवाडा नको होता, संग्रहालय नको होतं, मनोरा तर नकोच होता. तिला माझ्या ट्रामची घंटा वाजवायची होती. ही घंटा पायाने वाजते, चालकाच्या पायाशी एक गोल बटण असतं, त्यावर पाय आपटायचा, हे मी तिला एकदा फोनवर सांगितलं आणि चूक केली. तेव्हापासून ती घरात पाय आपटत हिंडायची. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा भांडून गेली.

मी तिला शब्द दिला होता आणि तो पाळायची तजवीजही केली होती. माझ्याच मार्गावर गाडी चालवणारा जाड्या त्या दिवशी कामावर होता. दुपारनंतर त्याची गाडी डेपोत येऊन उभी राहणार, संध्याकाळी बडे साहेब फेरीला यायच्या आत मी बिट्टीला घेऊन जायचं, तिने घंटा वाजवायची, की झालं. साहेब आले की बाहेरच्या माणसाला डेपोच्या फाटकात उभं करत नाहीत. सकाळी मी हे सगळं दादाला नीट सांगितलं.

"बघू," दादा म्हणाला. "ट्राम काय, रोजच चालते. ती काही बघण्यासारखी गोष्ट आहे का?"

जी गोष्ट चालवून त्याची बहीण पोट भरते ती बघण्यासारखी नाही. ठीक आहे. मी गिळलं.

राजवाडा आम्ही असा बघितला: दादा फोटो काढणार, आम्ही फोटोत उभं राहणार, दादा मोजणार, पुढच्या दालनात जाणार. वहिनीला एका खिडकीपाशी थांबून बाहेरची बाग बघावीशी वाटली. "बाग परतीच्या वाटेवर आहे," दादा म्हणाला. परतीच्या वाटेवर बाग नव्हती. संग्रहालयात शिरताना त्याने सगळ्यांना फोन मुके करायला लावले. तिथे त्याने एका दगडी सिंहासमोरची माहिती मोठ्याने वाचली, संपल्यावर सिंहाकडे एकदाही न बघता पुढे निघाला. हवालदाराने खबर दिली, "बाबा, बिट्टीने टोपी मागे सरकवलीय." बाबांनी टोपी पुढे ओढली, ती पार नाकापर्यंत. बिट्टी मान वर करून चालू लागली. काय बघणार होती कोण जाणे, तिला फक्त छतं दिसत होती.

"आत्या, आता ट्राम?" ती प्रत्येक दारातून बाहेर पडताना विचारायची.

"बाबांना विचार," मी म्हणायचे.

"नंतर," बाबा म्हणायचे.

दुपारी तिच्या पायांनी संप केला, तेव्हा दादाने एक ढकलगाडी भाड्याने घेतली आणि तिला तीत बसवलं. पायाशी पाण्याच्या बाटल्यांची आणि कपड्यांची भली मोठी पिशवी कोंबली. आम्ही घोड्याच्या पुतळ्याच्या चौकात आलो. या चौकातून माझी ट्राम जाते. डबे खाऊन होतायत तोच ती निळी गाडी वळणावरून घंटा वाजवत आली आणि बिट्टी ढकलगाडीत ताडकन उभी राहिली.

"आत्या, तुझी ट्राम! आत्या, तीच ना?"

"तीच गं," मी म्हटलं. "दादा, दोनच थांबे आहेत डेपोला. मी हिला घेऊन जाते आणि तासाभरात परत आणते. तुम्ही मनोरा बघा."

"आणि मोजणी?" दादा म्हणाला. खरंच असं म्हणाला. "दोन इकडे, तीन तिकडे, असं फिरणं म्हणजे गोंधळ. सगळे मिळून मनोरा बघायचा. मग वेळ उरला तर ट्राम."

"वेळ उरणार नाहीये."

"मग पुढच्या वेळी."

बिट्टी रडली नाही. खाली बसली आणि टोपी तोंडावर ओढून घेतली. दादाने तिच्यावर आपला स्वेटर टाकला आणि खुशीत म्हणाला, "झोपेल आता. बरं झालं."

मग त्याने मला मनोऱ्याच्या रांगेत जागा धरायला पुढे पिटाळलं. वहिनी हवालदाराला घेऊन स्वच्छतागृहाकडे गेली. ढकलगाडीजवळ दादा राहिला, म्हणजे ढकलगाडीकडे पाठ करून राहिला, कारण घोडा शेपटीसकट फोटोत मावत नव्हता. त्या शेपटीपायी तो मागे मागे सरकत पार फुलांच्या वाफ्यात गेला, असं नंतर हवालदारानेच सांगितलं, परत येताना त्याने बघितलं होतं.

रांगेत ते सगळे मला येऊन मिळाले तेव्हा दादाने बोट वर केलं. माझी टोपी, वहिनीची, हवालदाराची, ढकलगाडीतली, स्वतःची. "पाच. माल पूर्ण."

वहिनी वाकून स्वेटर सारखा करायला गेली.

"हात लावू नकोस," दादा म्हणाला. "उठली की पुन्हा ट्राम ट्राम सुरू करेल."

वहिनीने हात मागे घेतला. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दादा आम्हाला मनोऱ्याची उंची सांगत होता. मी मनातल्या मनात त्याला चांगल्या सणसणीत शिव्या मोजत होते, त्या पाचात मावल्या नसत्या.

दाराशी पहारेकरी बाई होती. "ढकलगाडी वर जात नाही," ती म्हणाली. "मुलीला कडेवर घ्या."

दादाने वाकून टोपी उचलली. खाली पिशवी होती. पिशवीच्या बंदांना नीट गाठ मारून तिला डोक्यासारखा गोल आकार आणला होता, आणि स्वेटर तिच्या गळ्यापर्यंत ओढलेला होता.

वहिनीच्या तोंडून जो आवाज आला तो मला पुन्हा ऐकायचा नाही. ती चौकाच्या दिशेने धावत सुटली. त्या चौकात चारी बाजूंनी गाड्या येतात, मी रोज तिथे जीव मुठीत धरून वळण घेते. आणि दादा? दादा टोपी हातात धरून उभा होता आणि म्हणत होता, "पण पाच होत्या. मी मोजल्या. पाच होत्या."

"मुलगी दिसते कशी?" पहारेकरी बाईने विचारलं. "अंगात काय आहे?"

"लाल टोपी," दादा म्हणाला.

बाईने त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. "ती सोडून?"

सकाळपासून त्याने पोरीचे ढीगभर फोटो काढले होते, आणि तिच्या अंगात पिवळा झगा होता हे दादाला सांगता येईना. शेवटी हवालदार म्हणाला, "पिवळा झगा. एक मोजा खाली आलाय. समोरचा दात पडलाय." पहिल्यांदा त्या पोराच्या चहाड्या कुणाच्या कामी आल्या.

मी फोन काढला. डेपोला लावावा म्हणून काढला आणि बघते तर जाड्याचेच फोन येऊन पडलेले, ढीगभर. मुका फोन माझ्या पर्सच्या तळाशी आणि मी वर मनोऱ्याची उंची ऐकतेय. मी त्याला लावला.

"अगं, आहेस कुठे तू?" तो ओरडला. "तुझी भाची माझ्याजवळ आहे. चौकातल्या थांब्यावर एकटीच उभी होती. मला म्हणते, ही माझ्या आत्याची ट्राम आहे, मला डेपोत जायचंय. तिला तिथे टाकून येऊ का? आणली बरोबर. चौकीवरही कळवून ठेवलंय."

मी धावत जाऊन आधी वहिनीला गाठलं.

आम्ही ट्रामनेच डेपोत गेलो. वाटभर दादा टोपीवरचा हसरा डबा अंगठ्याने चोळत होता. पडलेला चेहरा बघून एरवी मला दया आली असती. त्या दिवशी नाही आली. पोरगी सापडली म्हणून माझा राग उतरला नाही, उलट आता रागाला पाय पसरायला जागा झाली होती.

जाड्याची गाडी शेडमध्ये उभी होती आणि चालकाच्या जागेवर, जाड्याच्या जाडजूड जाकिटात गुंडाळलेली, बिट्टी बसली होती. वहिनीने तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

"वाजवली का घंटा?" मी विचारलं.

"नाही. तू येईपर्यंत वाजवायची नाही, असं मीच काकांना सांगितलं." मग तिने जाड्याकडे बघितलं. "साहेब अजून आले नाहीत ना?"

"यायचेत," जाड्या म्हणाला. "उरका."

तेवढ्यात दादा पायरी चढून वर आला. मला वाटलं, हा आता पोरीला जवळ घेईल, निदान तिच्या डोक्यावरून हात तरी फिरवेल. त्याने आधी तिच्या डोक्यावर टोपी घातली.

"टोपी का काढलीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, हे मी कबूल करते. "काढायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

वहिनीने ती टोपी पोरीच्या डोक्यावरून उचलली आणि उघड्या दारातून बाहेर भिरकावली. मग स्वतःचीही काढून भिरकावली. सकाळपासून तिने केलेलं ते पहिलं काम होतं जे कुणी तिला सांगितलं नव्हतं. दादा तिच्याकडे बघतच राहिला.

बिट्टीला मात्र आपण काय चुकलो ते कळेना. तिने कपाळाला आठ्या घातल्या. बापाचा नियम तिच्याइतका मन लावून त्या घरात कुणीच पाळला नव्हता.

"बाबा, मी टोपी नेली नव्हती," ती समजावून सांगू लागली. "तिथेच ठेवली होती. पिशवीला घातली. तुम्हाला कमी पडायला नको म्हणून." मग तिला शंका आली. "पाच भरल्या ना?"

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. हवालदारसुद्धा बापाकडे बघत होता. दादा खोटं बोलत नाही, मोजणीच्या बाबतीत तर नाहीच.

"भरल्या," तो म्हणाला.

"मग?" बिट्टी म्हणाली, आणि आईच्या कडेवरून उतरून, दोन्ही पाय जुळवून तिने घंटेवर उडी मारली.