फायटरचं पाप

कीर्तिनं काचेची बरणी काउंटरवर ठेवली आणि शेजारी फिल्टरचा खोका आपटला.

"याहून जोरदार द्या."

बरणीत निळा फायटर मासा तळाला टेकला होता. पुण्याहून लग्न होऊन कुंभकोणमला येताना रेल्वेत तो सारा वेळ तिच्या मांडीवर होता. सासरही मराठीच, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. भाषेची अडचण येणार नाही, असं तिनं आईला छातीठोकपणे सांगितलं होतं.

पण सासूबाई, वत्सलाबाई, माशाच्या टाकीपाशी आल्या की एकच शब्द उच्चारत. "पाप!" शाकाहारी घर; जीव कोंडून ठेवणं त्यांना पटत नसणार. कीर्तिनं ते मनाला लावून घेतलं. पाणी इतकं स्वच्छ ठेवायचं की कुणाला बोट दाखवायला जागा नको, असं ठरवून तिनं घागरभर पाण्याच्या त्या टाकीला दुकानातला सगळ्यात दणकट फिल्टर बसवला. काल सासूबाई दोनदा म्हणाल्या, "पाप!" आता याहून जोरदार फिल्टरनंही भागलं नाही, तर मासा कुणाला तरी देऊन टाकावा लागणार होता.

दुकानदार बालानं बरणी उजेडात धरली. माशाच्या शेपटीची झालर फाटली होती.

"पावम्," तो हळूच म्हणाला.

कीर्ति चपापली. तमिळ तिला भाजी घेण्यापुरतंच येत होतं. "पाप? तुम्हीसुद्धा?"

"पावम्, मॅडम. म्हणजे बिचारा," बाला इंग्रजीत समजावू लागला. "एवढी लांब शेपटी घेऊन दिवसभर तुमच्या फिल्टरच्या धारेशी झगडतो. याला स्पंजचा फिल्टर हवा, हवेच्या पंपावर सावकाश चालणारा. कॉफी फिल्टरमधून थेंब थेंब उतरते, तिला कुणी घाई करतं का?"

"आमच्या सासूबाई मराठीतच म्हणतात. पाप."

"इथली मराठी ना?" बाला हसला. "माझी शेजारीण तुमच्यातलीच. माझी मुलगी पडली, रडली की ती 'पाप!' म्हणते आणि उचलून घेते."

कीर्तिनं आणलेला खोका बाजूला सारला. तिनं स्पंजचा फिल्टर घेतला.

घरी येऊन तिनं तो बसवला. बारीक बुडबुडे वर येऊ लागले. फायटर कोपऱ्यातून निघाला, वर आला, त्यानं झालर पसरली. वत्सलाबाई येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि माशाला काहीच म्हणाल्या नाहीत. मग त्यांचं लक्ष सुनेच्या घामेजलेल्या कपाळाकडे गेलं.

"पाप! उन्हांत एकटी गेलीस? बैस. काफी देतें."

कीर्ति बसली. मागे एकदा आईशी फोनवर बोलून ती डोळे पुसत होती, त्या दिवशीही सासूबाई दारात येऊन हेच म्हणाल्या होत्या. आणि तिनं दार लावून घेतलं होतं.