धागेवाल्या महाराजांचा पाट

आमगावजवळ महाराजांच्या मांडवात हिवाळाभर पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळी पिकाची तयारी सोडून सगळे माना उंचावून एका लाकडी पाटाकडे पाहत बसायचे. पाटाच्या दोन कडांवर खुणा होत्या. धागेवाले महाराज डोळे मिटून त्यावर एक लाल धागा ताणायचे, मग एक पांढरा.

"ये भूमाता का धागा, ये गंगामैया का. दोघींची भेट होते तिथे लक्ष्मी बैठती है, बेटा."

धागे छेदतात तिथे मोहाचं वाळलं फूल ठेवून महाराज सांगायचे, इतकं धान लाव, इतका मका. लक्ष्मीला बसवण्याआधी मात्र तलाठ्यासारखी चौकशी व्हायची. जमीन किती, बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, पाणी किती, भाव काय? देवाला एवढी माहिती कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही.

कारण सांगितलेलं खरं ठरायचं. आमच्या गावच्या केवलरामने आदल्या वर्षी चारही एकरांत धान लावलं, तर बोडी आटली आणि अर्धं पीक करपलं. यंदा महाराजांनी दोन एकर धान आणि दोन एकर मका सांगितला. पाणी शेवटपर्यंत पुरलं. केवलरामच्या देव्हाऱ्यात महाराजांचा फोटो आला.

जूनमध्ये त्याची आचल तापाने फणफणली. नुकतीच बारावीत गेलेली पोर, जन्मापासून सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. छाती दुखते म्हणून रडत होती.

"गोंदियाले नेऊ जी, मोठ्या दवाखान्यात," तिची आई शकुंतलाबाई म्हणाली.

"पयले महाराजाले इचारू," केवलराम म्हणाला. "बोडीचं पाणी सांगते तो, पोरीचा ताप नाही सांगणार का?"

महाराजांनी पाट मांडला. धागे गुरुवारवर जुळले; गुरुवारी ताप उतरेल, असं महाराज म्हणाले. तोवर औषध बंद, फक्त अंगारा. बुधवारी आचलचा श्वास कोंडला तेव्हा गाडी केली. रक्त चढवायला फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. आचल वाटेवरच अर्धी गेली होती, संध्याकाळी पुरती गेली.

तेरवीनंतर तिच्या गणिताच्या नीतू मॅडम केवलरामला घेऊन मांडवात गेल्या. मीही मागे गेलो. आता तिथे पिकापेक्षा दुखण्यांचीच गर्दी जास्त होती. मॅडमनी सरळ महाराजांचा पाट पुढे ओढला.

"भाऊ, चार एकर ना? सगळं धान लावलं तर या कडेवर चार, सगळा मका तर त्या कडेवर चार. खुणा जोडा. हा जमिनीचा धागा. धानाला मक्याच्या तिप्पट पाणी लागतं. तुमच्या बोडीवर नुसता मका आठ एकर भिजेल, नुसतं धान तीन एकरही नाही. त्या खुणा जोडा, हा पाण्याचा."

केवलरामने धागे ताणले. ते दोन-दोनवर छेदले, महाराजांनी सांगितलेल्याच जागी.

"धाग्यांच्या बाहेर गेलं की जमीन संपते नाहीतर पाणी. आत राहून सगळ्यात जास्त कमाई कुठल्या तरी कोपऱ्यावर सापडते. आजच्या भावात तो कोपरा हा. बारावीच्या पुस्तकात याला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. ट्रकमध्ये कोणता माल किती भरायचा, कोणत्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या किती पाठवायच्या, हेही असंच काढतात."

"विद्या भी भगवान की देन है, मॅडम," महाराज हसले.

"मग आचलच्या वेळी एक धागा कशाचा होता, दुसरा कशाचा?"

महाराज धागे गुंडाळू लागले. एक बाई मांडीवरचं तापलेलं लेकरू उचलून रस्त्याकडे निघाली. तिच्यामागे आणखी काही उठले.

केवलराम तिथेच बसून होता. "मॅडम, माह्या वावराचा हिसाब तं बरोबर होता ना?"

"बरोबर होता, भाऊ."

"तेच पाहून मी पोरगी नेली जी त्याच्याकडे."

म्हणून हात जोडून सांगतो. उत्तर बरोबर आलं म्हणून सांगणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवू नका. ते कसं काढलं, ते विचारा. सांगता आलं तर शिकून घ्या, नाही आलं तर उठून चालू लागा. आणि लेकराला ताप आला तर आधी डॉक्टर गाठा. आमच्या गावाने एवढं केलं असतं, तर यंदा आचल वर्गात बसून हाच धडा शिकली असती.