शुक्रवारचा माजूम

शुक्रवारी कुसकुसचं जेवण होऊन परात घासून पालथी पडली, की मी कमरेची किल्ली काढते. फडताळाच्या वरच्या खणात पितळी डबा आहे. त्यात माजूम. अंजीर, अक्रोड, मध आणि आमच्याच डोंगरातला किफ, म्हणजे गांजा. बोराएवढा तुकडा, त्यावर पुदिन्याचा चहा, आणि संध्याकाळपर्यंत मी कुणाची कुणी नाही. शनिवारी सकाळी पुन्हा मागावर. वीस वर्षांत कापडाचा एक पट्टा वाकडा गेलेला नाही. शुक्रवारी दुपारी आमच्या गल्लीत माझ्याकडे कुणी चिमूटभर मीठसुद्धा मागायला येत नाही.

माझे यजमान सी लारबी रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गच्चीवर चिलीम ओढतात. तीन वेळा भरतात, चौथी नाही. त्याबद्दल सुनेचं काही म्हणणं नव्हतं. माझ्याबद्दल होतं.

इक्राम कासाब्लांकाची. तिला औषधाच्या दुकानात नोकरी लागली होती, सोमवारपासून. तिची आठ महिन्यांची हिबा कुणाकडे राहणार, एवढाच प्रश्न. माझी मांडी तयार होती, इक्रामचं मन होत नव्हतं.

"लल्ला, रागावू नका," ती मला मानाने हाक मारत म्हणाली, "पण तो डबा घरात असताना..."

"डबा कुलपात असतो. तुझी औषधं असतात का?"

"मी एक पाळणाघर बघून ठेवलंय."

"बघ की. तिथल्या बाई शुक्रवारी काय खातात तेही विचारून घे."

ती हसली नाही. मला मात्र रात्रभर झोप नाही.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी तुकडा खाऊन चहा ओतत होते, तेवढ्यात ती हिबाला घेऊन धावत खाली आली. माझा मुलगा मुनीर गाडी घेऊन तँजियरला गेलेला.

"दुकानातून फोन आलाय. आत्ता या म्हणतात, तासाभराचं काम आहे." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही तर ठीकच दिसताय."

"अजून पाऊण तास दिसेन."

हिबाने माझ्याकडे हात पसरले. घेतली असती तर कदाचित ती तासभर झोपलीही असती, कुणाला कळलं नसतं. मी हात पाठीमागे नेले.

"मी खाल्लंय, पोरी. आज मी नाही घेणार तिला."

इक्रामचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ही म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हते का?

मी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. सी लारबी खाली आले, हातात किफची कातडी पिशवी.

"ओढलीत का?"

"अजून असरचा नमाज व्हायचाय."

"मग आजची उद्यावर. नातीला घ्या."

त्यांनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा नातीकडे. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "उद्या सहा होतील."

"तीनच," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी इक्रामने हिबाला आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आणि पाळणाघर?"

"त्या बाईंना विचारलं, शुक्रवारी काय खाता. म्हणाल्या, काहीच नाही."

"मग चांगलंच की."

"कोण जाणे, लल्ला. निदान तुमचं कळतं तरी." पर्स खांद्याला अडकवत ती दाराशी थांबली. "दर शुक्रवारी दुपारची मी सुट्टी मागून घेतलीय."