शापित माश्यांचा नवरा

गावच्या क्लबच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर दोन बरण्या, त्यात सफरचंदाचा लगदा, लगद्यावर चिमुकल्या माश्या. मागे येरगोझा वैदू उभा होता. बोटांत चार अंगठ्या आणि जिभेवर मध.

"माउल्यांनो, ही पहिली बरणी! शापित! हिच्यातल्या माशीला मुली, मुलींना मुली, नातींना मुली. नर औषधालाही सापडायचा नाही. आता दुसरी बघा. माश्या याच, पण लगद्यात माझं पिवळं चूर्ण आणि वर माझी फुंकर!"

लोकांनी भिंग लावलं. दुसऱ्या बरणीत काळ्या बुडाचे नर फिरत होते. हॉल हळहळला, गहिवरला.

"ज्यांच्या पोटी मुलीच, त्या या माशीच्या बहिणी!" येरगोझा गरजला. एवढा अपमान ऐकूनही बाया माना डोलावत होत्या.

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या उलबोलसीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या नावाचा अर्थच 'मुलगा होवो'. तिसरी मुलगी झाली की या गावात असलंच नाव ठेवतात. नावाने मुलगे होत असते तर निम्मं गाव मिशाळ झालं असतं.

पुढच्या रांगेत तिची धाकटी बहीण गाउहार बसली होती. तीन मुलींची आई, आता पुन्हा दिवस राहून दोन महिने झालेले. सासू बातिमाने वैद्याला मेंढी दिली आणि पुडी घेतली. चाळीस दिवस उशाशी ठेवायची, मग रोज सकाळी चिमूटभर.

"खाऊ नकोस," उलबोलसीनने घरी बजावलं.

"ताई, नाही म्हटलं आणि पुन्हा मुलगी झाली, तर जन्मभर ऐकावं लागेल मला."

उलबोलसीनने चूर्ण जिभेला लावलं आणि ती थुंकली. हा पिवळा कडूपणा तिच्या ओळखीचा होता. औषधाच्या दुकानातली जंतू मारणारी कॅप्सूल! पोटातल्या बाळाच्या हाडादातांत जाऊन बसणारी.

दुसऱ्या दिवशी ती येरगोझाकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, "थोड्या शापित माश्या द्या ना. घरी ठेवीन, रोज दर्शन घेईन." स्तुतीने फुगलेल्या त्या गाढवाने डझनभर दिल्या.

चाळिसाव्या दिवशी पुड्यांवर फुंकर मारून घ्यायला हॉल पुन्हा भरला, तेव्हा ती तीन बाटल्या घेऊन उभी राहिली.

"वैद्यबुवा, तुमच्या बरणीत नर नाही म्हणता. मग या माश्यांना पोरं होतात कुणापासून?"

"माझ्या दुव्यापासून!"

"अगं बाई!" मागून एक म्हातारी ओरडली. "सुनांना याच्यापासून लांब ठेवा गं!"

हॉल खो-खो हसला. उलबोलसीनने पहिली बाटली उचलली. "तुमच्या माश्यांच्या मुली इथे एकट्या ठेवल्या. एक पोर झालं नाही. दुसरीत तशाच मुलींबरोबर तळघरातल्या सफरचंदांवरचे साधे नर सोडले. पोरं झाली, सगळ्या मुली. तिसरीत तेच नर, पण लगद्यात दुकानातली कॅप्सूल. त्या लगद्यावर वाढलेल्या माश्यांना मुलगे झाले. फुंकर कुणाचीच नाही. आता तुमचा खिसा दाखवा."

येरगोझा दाराकडे सरकला. बातिमा आडवी आली आणि तिने त्याच्या खिशात हात घातला. बाहेर आली एक कुपी, काळ्या बुडाच्या नरांनी भरलेली.

"हे शापित माश्यांचे नवरे," उलबोलसीन म्हणाली. "काम झालं की बाहेर. मी चौकशी केली, हा शहरात माश्यांच्या प्रयोगशाळेत झाडू मारायचा, तिथून चोरल्यात. शाप-बिप काही नाही. या माशीच्या अंड्यात एक जंतू राहतो. तो आईकडूनच पुढे जातो. मुलगा त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून स्वार्थी मेला मुलग्यांना अंड्यातच मारतो. मग खाणं उरतं बहिणींना, म्हणजे त्याच्याच घरांना. पिढ्यान्‌पिढ्या माशीचा वंश त्याच्या तालावर नाचतो. काही ठिकाणी माश्याही त्याला पुरून उरायला शिकतात. कॅप्सूलने जंतू मेला, मुलगे वाचले. संपला चमत्कार!"

"मग माझ्या सुनेत तो जंतू आहे?" बातिमाने विचारलं.

"माणसात असला जंतू नाही, आपा. मुलगा की मुलगी, ते बापाच्या बीजावर ठरतं, तेही गर्भ राहतानाच. नंतर पुड्या खाऊन काय होणार?"

सगळ्यांच्या माना बातिमाच्या मुलाकडे, गाउहारच्या नवऱ्याकडे वळल्या. तो बूट न्याहाळू लागला.

"बायांनो, कुणी चमत्कार दाखवला तर आधी झाकण उघडून बघा," उलबोलसीन म्हणाली. "प्रश्न विचारायला मेंढी लागत नाही. न विचारता गिळलेलं चूर्ण मात्र पोटातल्या लेकराच्या हाडादातांना भोवतं."

गाउहार पहिल्यांदाच बोलली. "आणि आपा, मुलगीच झाली तर?"

बातिमाने बरोबर आणलेली पुडी फोडून हॉलमधल्या शेगडीत रिकामी केली.

"झाली तर झाली," ती म्हणाली. "धड हाडांची होऊ दे."