जिन्याखालचं झेरॉक्स मशीन

मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि खोकल्याशिवाय माझ्यातून कागद बाहेर पडत नाही. मित्रांनो, तरुणपणी मी असं नव्हतं! कारखान्यातून मी थेट एका मोठ्या ऑफिसात आलं. कौतुक सगळेच करत. रोज पुसायची मात्र एकटी कारकूनबाई. पुढे नवं मशीन आलं आणि मला जिन्याखाली ढकललं.

त्याच सुमारास बाईच्या सात वर्षांच्या लेकीला, चिमणीला, फिट येऊ लागल्या. शाळेतून फोन आला की बाई हातातलं काम टाकून धावायची. तिसऱ्या खेपेला साहेब वैतागले.

"घरी दुसरं कुणी नाही का?"

"नाही, साहेब. आम्ही दोघीच."

"मग एकदाचं ठरवा. मुलगी की नोकरी?"

बाईने ठरवलं. राजीनामा दिला आणि जाताना मला भंगारातून मागून घेतलं.

एका अरुंद गाळ्यात आम्ही दुकान थाटलं. काउंटरमागे चिमणीची गादी. शाळा सुटली की ती तिथेच चित्रं काढत बसायची. एकदा छोट्या धंद्यांची पाहणी करणाऱ्या एक ताई फॉर्म घेऊन आल्या. "धंदा का सुरू केलात? आवड, जास्त कमाई, की स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून?"

बाईने गादीकडे बोट दाखवलं. "ती पडली तर मला दिसली पाहिजे. याला तुमच्याकडे रकाना आहे का?"

ताई ओशाळल्या. 'इतर'वर खूण करून निघून गेल्या.

मग परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आले. दारात ही रांग! नेमका माझ्या घशात कागद अडकला आणि त्याच क्षणी चिमणी कोसळली. बाईने शटर अर्धं खाली ओढलं.

"असं दुकान चालवतात का? जमत नसेल तर बंद करा!" बाहेरून ओरडा सुरू झाला.

बाईने चिमणीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर दुमडून ठेवला. "झालं हं बाळा, मी इथेच आहे," एवढंच पुटपुटत राहिली. मला मदत करता येईना. साधा अडकलेला कागदही गिळता येईना.

शटर वर गेलं तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं.

"आई, माझ्यामुळे गेले ना सगळे?" चिमणीने विचारलं.

"जाऊ देत गं. तू आहेस ना?" बाई म्हणाली आणि माझ्या घशातला कागद ओढून काढू लागली.

हल्ली चिमणीच्या फिट वाढल्या आहेत आणि माझेही दिवस भरत आले आहेत. मित्रांनो, यंत्रांची निगा राखाच. पण दुकानासमोर कधी थांबावं लागलं, तर आरडाओरडा करू नका. आत कुणीतरी आपल्या माणसाला सावरत असेल.