शंभराव्या क्रमांकाचा थापट्या

मित्रांनो, मी एक जुने लाकडी बदक आहे. चौदा महिने मी पक्षी होते आणि त्याचा लेखी पुरावा अजून शाबूत आहे. ऐकायला चमत्कारिक वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

दाराची चौकट करून उरलेल्या ठोकळ्यातून एका सुताराने मला आपल्या नातीसाठी घडवले. अंग छान गोल उतरले, मानही जमली, पण चोचीशी आल्यावर लाकडात एक गाठ निघाली. तिच्यावर पटाशी चालवली तर चोचच तुटायची, म्हणून त्याने ती गाठ तशीच राहू दिली. त्यामुळे माझी चोच टोकाला भलतीच पसरट झाली. "हे बदक आहे की उलथणं?" असे त्याची बायको म्हणाली, ते माझ्या कानांवरचे पहिले वाक्य. मग दाराचा उरलेला हिरवा रंग डोक्याला लागला, भिंतीचा पांढरा छातीला आणि थोडा गेरू दोन्ही कुशींना. पाण्यात कलंडू नये म्हणून पोटात लोखंडाचा तुकडा आणि छातीत दोरी बांधायला एक कडी.

नात मला ओढ्यावर नेऊन खेळवायची. एक दिवस दोरी तिच्या हातून सुटली. मी ओढ्यातून कालव्यात आणि कालव्यातून शहराच्या पाण्याच्या तलावात आले. तिथे तळाशी एक गंजका पाइप होता. माझी दोरी त्यात अडकली आणि तलावाच्या मध्यावर माझा मुक्काम कायमचा झाला. वारा आला की मी हळूच वळायची, वारा पडला की थांबायची. लांबून पाहणाऱ्याला मी जिवंत वाटत असेन, यात नवल नाही.

खरे पक्षी मात्र फसले नाहीत. एक टिबुकली माझ्याजवळ यायची, मला एकदा नीट न्याहाळायची आणि बुडी मारून दिसेनाशी व्हायची. मला पाण्याखालचे काहीच ठाऊक नव्हते आणि ती दर अर्ध्या मिनिटाला खाली जाऊन बघून यायची. तिथे काय आहे, हे विचारायची मला फार इच्छा व्हायची. पण लाकडाला कोण उत्तर देतो.

त्या तलावावर दर रविवारी आणि बुधवारी सकाळी एक बहीणभाऊ येत. भाऊ घड्याळे दुरुस्त करणारा, बहीण शिवणकाम करणारी. दोघेही साठीच्या पुढचे. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला अजून चिमणे म्हणायचा. दगडी बाकावर बसून ते एका दुर्बिणीतून आळीपाळीने पाहत आणि तलावावरच्या पक्ष्यांची यादी करत. पाण्यावरून आवाज लांब जातो, त्यामुळे त्यांचे सगळे बोलणे मला ऐकू यायचे.

त्यांचा एक नियम होता. पक्षी दोघांनी पाहिला तरच यादीत. त्याने पाहिला की नावापुढे एक ठिपका, तिने पाहिला की कापडावर घालतात तसा फुलीचा एक टाका. ठिपका आणि फुली दोन्ही पडल्याशिवाय क्रमांक नाही. अशी एकोणीस वर्षे चालली होती. पहिल्या क्रमांकावर चिमणी होती आणि "ती तूच" असे तो तिला दर वर्षी एकदा तरी चिडवायचा. यादी नव्व्याण्णववर आली आणि तिथेच अडली. दोन वर्षे नवा पक्षी नाही.

एका थंडीच्या सकाळी पाण्यावर धुके होते. दुर्बीण दादाच्या हातात होती.

"चिमणे, थापट्या," तो हळूच म्हणाला. "हिरवं डोकं, पांढरी छाती. आणि चोच बघ, चोच. थापट्याच."

थापट्या म्हणजे रुंद चपट्या चोचीचे रानबदक, थंडीत लांबून येणारे. तो त्या तलावावर कधी दिसला नव्हता. बहिणीने दुर्बीण घेतली आणि माझ्याकडे पाहिले. तिची नजर थेट माझ्या छातीवरच्या कडीवर थांबली. फार वेळ थांबली.

"दिसला?" त्याने विचारले.

"दिसला," ती म्हणाली.

त्याने वहीत लिहिले : शंभर, थापट्या, नर, एक. ठिपका दिला. तिने फुली घातली. तो इतका खूश झाला की परत जाताना चक्क शीळ घालत गेला.

त्या बाईला सुई ओवताना चष्मा लागत नसे. मग तिने असे का केले, हे कोडे मला पुढचे कितीतरी दिवस सुटले नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. थापट्या थंडी संपली की जातो. मी गेले नाही. दादा चक्रावला आणि त्याने माझ्यासाठी वेगळी पाने काढली. "एप्रिल : अजून इथेच. पंख दुखावला असावा." "जून : बुडी मारत नाही, खाताना दिसला नाही. सदैव वाऱ्याकडे तोंड." "सप्टेंबर : डोक्याचा हिरवा फिका पडला. पिसे बदलत आहे." उन्हाने माझा रंग उडत होता, मित्रांनो. हा माणूस मला इतक्या आस्थेने पाहायचा की कधी कधी मलाच वाटे, आपण एकदा तरी पंख हलवून दाखवावेत. आणि दर पानाला बहीण शेजारी गप्प बसून फुली घालायची. तिचा हात दर वेळी जरा जड व्हायचा. अशी अकरा पाने झाली.

मग एक दिवस पाणी खात्याची तरुण इंजिनीअर बाई आली. तलावाच्या चारही काठांना दगड लावायचे ठरत होते. पश्चिमेच्या काठावर पाणकणसाचे दाट बेट होते, अर्धे पक्षी त्यातच राहायचे. तेही उपटले जाणार होते.

"काका, तुमच्या यादीबद्दल ऐकलंय," ती म्हणाली. "नीट, खात्रीची यादी असेल तर मी ती वर पाठवते. मग तेवढा काठ सोडता येईल." तिने उभ्याउभ्याच वही चाळली आणि शंभरावर थांबली. "बारा महिने राहणारा थापट्या? हा मला बघायचाय. बुधवारी होडी घेऊन येते."

ती गेली. दादा हरखला होता. बहिणीचा चेहरा मात्र उतरला.

रविवारी बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "दादा, ते बदक लाकडाचं आहे."

त्याने हातातली दुर्बीण बाकावर ठेवली. मग म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. त्याच्या छातीत कडी आहे."

"मग फुली का घातलीस?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुला काम बंद करायला सांगितलं होतं. दुकानाला कुलूप लावून चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत तू माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतास, दादा. आणि मग तू म्हणालास, थापट्या."

तेव्हा माझे कोडे सुटले. पण सुटले याचा आनंद मला झाला नाही.

"गेली काही वर्षं मला निम्मे पक्षी नीट दिसतच नाहीत," तो म्हणाला. "तुझ्या फुलीच्या भरवशावर ठिपके दिलेत मी. आता यातले कोणते खोडू?"

"बाकीचे सगळे खरे आहेत."

"हे मी कशावरून मानू, चिमणे?"

त्या दिवशी ते घरी गेले तेव्हा तो चार पावले पुढे चालत होता. एवढ्या महिन्यांत मी त्यांना तसे कधी पाहिले नव्हते.

बुधवारी इंजिनीअर बाई होडी घेऊन आली. ती होडीत पाय ठेवणार, तोच दादा म्हणाला, "थांबा. शंभरावा पक्षी लाकडाचा आहे. चूक आमची. माझी नजर गेली आहे, आणि नियम पाळायचा राहिला."

तिने वहीकडे पाहिले. "मग काका, बाकीच्या यादीचं काय? वर विचारतील मला."

"दुर्बीण घ्या आणि इथे बसा," तो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही ताडून बघा."

आणि त्याने डोळे मिटले. मी बघतच राहिले. चाळीस वर्षे घड्याळांच्या टिकटिकीतला बारीकसा दोष ऐकणारे ते कान होते. "डावीकडे खडकावर तुतवार," तो म्हणाला. बाईने दुर्बीण फिरवली, खडकावर तुतवार शेपूट हलवत उभा होता. "डोक्यावरून परीट पक्षी गेला. एकटाच." बरोबर. "बेटाच्या कडेला टिबुकली, दोन आहेत." बहिणीने मोजल्या, दोनच होत्या. असे बावीस पक्षी त्याने सांगितले आणि बावीसही सापडले. बाईच्या हातातली पेन्सिल यादीवरून भराभर खुणा करत होती.

मग तो अडखळला. "हा कोण?"

पाणकणसातून आवाज येत होता, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावे तसा. मी चौदा महिने तो रोज ऐकत होते, मला वाटे बेडूक असेल. तिघेही गप्प बसले. तासभर कोणी हलले नाही. मग बेटाच्या कडेला, चिखलावर, मुठीएवढा एक तपकिरी पक्षी दबकत बाहेर आला, दोन पावले चालला आणि परत आत शिरला.

"फटाकडी," बहीण कुजबुजली. "दादा, फटाकडी आहे. मी पाहिली."

"मीपण," बाई म्हणाली.

"मला नाही दिसली," दादा म्हणाला. "माझा ठिपका पडणार नाही. नियम तो नियम."

मग बहिणीने वही मांडीवर घेतली, पिशवीतली शिवणाची पट्टी काढली आणि रकान्यांच्या शेवटी एक नवी उभी रेघ आखली. वर लिहिले : ऐकला. पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि त्याचे बोट नेमके त्या चौकटीवर टेकवले.

"हे तर खरं आहे ना?" तिने विचारले.

त्याने ठिपका दिला.

पुढे तलावाच्या तीन काठांना दगड लागले. पश्चिमेचा काठ तसाच आहे. फटाकडी आता तिथे पिले घेऊन फिरते, असे वहीत लिहिलेले आहे.

मला त्याच दिवशी होडीने जाऊन तलावातून काढले आणि घरी आणले. दादाने मला हातात घेतले आणि जुन्या सवयीने बोटांनी चाचपले. पाठ, मान, कडी. चोचीवर आल्यावर त्याचा अंगठा त्या गाठीपाशी थांबला.

"चोच खरंच रुंद आहे, चिमणे," तो म्हणाला.

"आहेच मुळी," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

आता मी त्यांच्या खिडकीत बसते. समोरच टेबलावर यादी उघडी असते. शंभर क्रमांक अजून माझाच आहे. दादाने त्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले, "लाकडी. चूक." फटाकडीला एकशे एक मिळाला. यादीत आता शंभर पक्षी आणि एक मी.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या अंगणाची, शाळेची, तलावाची यादी करा. दिसेल ते लिहा, ऐकू येईल ते लिहा, आणि ज्याच्यासोबत लिहाल त्याच्याशी खरे बोला, तो कितीही उदास असला तरी. चूक होईल, ती खोडावी लागेल. तेव्हा पान फाडू नका, काळे गिरगटू नका. एकच रेघ मारा, खालचे नाव वाचता येईल अशी. माझे अजून वाचता येते.